गाणं सोडण्याआधी दार लावून घ्या

ठाणे-नवी मुंबईत घरच्या घरी गाणी करून दर शुक्रवारी ती ऑनलाइन सोडणाऱ्या पोरापोरींनो,

तुमच्यातले बरेच जण मला ओळखतात. पाचपाखाडीत एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर, पिठाच्या गिरणीला लागून, दहा बाय बाराची खोली आहे. बाहेर पाटी नाही, चपलांचा ढीग हीच खूण. तो माझा स्टुडिओ. गिरणी चालू असली की जमिनीतून घरघर वर चढते आणि माईकच्या स्टँडमधून थेट रेकॉर्डिंगमध्ये उतरते, म्हणून गायचं काम दुपारी दोननंतर, गिरणीवाला जेवायला गेल्यावर. तोवर आपण चहा पितो आणि तुम्ही मला फोनवर दुसऱ्याच कुणाचं तरी गाणं ऐकवता. ‘काका, असंच पाहिजे.’

त्या ‘असंच’विषयी थोडं बोलायचंय. समोर बसून बोललो तर तुम्ही मान डोलावता आणि शुक्रवारी गाणं टाकून मोकळे होता, म्हणून लिहितोय.

आधी एक कबुली. मी मिक्सिंगचे, म्हणजे गाण्यातले सगळे आवाज जुळवून बसवण्याचे, पैसे गाण्यामागे घेतो. तुम्ही महिन्याला चार गाणी सोडलीत तर माझं भाडं निघतं, एकच सोडलंत तर निघत नाही. म्हणजे हे पत्र माझ्याच पोटावर पाय आहे. घरी वाचून दाखवलं तेव्हा बायको तेच म्हणाली.

जानेवारी २०२५ मध्ये नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये कोल्डप्ले या ब्रिटिश बँडचे तीन कार्यक्रम झाले. पुढच्या महिन्याभरात माझ्याकडे पाच नवी गाणी आली. पाचही गाण्यांची सुरुवात पियानोवरच्या लांबून आल्यासारख्या वाजणाऱ्या त्याच चार कॉर्डनी, आणि पाचही गाण्यांत आभाळ, तारे आणि तू. त्यातला एक पोरगा एरवी कळव्याच्या एका बँजो पार्टीत वाजवतो. मी त्याला मिरवणुकीत ऐकलंय. बँजोची तार तो अशी काही ओढतो की पुढे निघून गेलेली माणसं मागे वळून येतात. त्याच्या गाण्यात बँजो नव्हता. विचारलं तर म्हणाला, ‘ते लोकल वाटतं काका.’

दुसरी गोष्ट लग्नसराईतली. एकाच आठवड्यात हळदीची तीन गाणी आली. तीन वेगळी मुलं, एक घणसोलीचा, एक बेलापूरचा, एक इथलाच कोलशेतचा. तिघांची एकमेकांशी ओळख नाही. मी बाकीचे ट्रॅक म्यूट करून एकटी टाळी ऐकत होतो, आणि तिन्ही गाण्यांत ती एकच निघाली. सारखी म्हणत नाही, एकच. ती सॅम्पल पॅकमधली, म्हणजे तयार आवाजांच्या गठ्ठ्यातली. तिच्या शेपटीला खुर्ची सरकल्यासारखा एक बारीक आवाज आहे. तो सुद्धा तिन्ही ठिकाणी. जगाच्या कुठल्या कोपऱ्यात कुणाची तरी खुर्ची सरकली आणि ती आता आपल्या तीन गावांच्या हळदीत सरकतेय.

आता, नक्कल वाईट असं मी म्हणणार नाही. नक्कल केल्याशिवाय गाणं येतच नाही. आपल्याकडे शिकणं म्हणजे गुरूच्या गळ्यातलं जसंच्या तसं आपल्या गळ्यात उतरवणं. ‘मी म्हणतो तसं म्हण’ यापलीकडे पहिली काही वर्षं दुसरा अभ्यासक्रम नसायचा. आपल्या ठाण्यातच राहिलेले पं. राम मराठे घ्या. त्यांच्या नावाने महापालिका संगीत समारोह भरवते, तेच. मास्टर कृष्णरावांकडे शिकले, जगन्नाथबुवा पुरोहितांकडे शिकले, आणखी बऱ्याच ठिकाणांहून उचललं. एवढ्या सगळ्यांचं देणं गळ्यात असूनही दोन आवर्तनांत कळायचं की हे राम मराठे. मधली जी वर्षं दुसऱ्याचं घोकण्यात गेली असतील, फसण्यात आणि ‘पुन्हा घे’ ऐकण्यात गेली असतील, ती श्रोत्यांच्या कानावर आलेली नाहीत. तालमीच्या खोलीला दार होतं.

तुमच्या खोलीला ते नाही. या आठवड्यात घोकलेला पलटा पुढच्या शुक्रवारी जगभर वाजायला लागतो.

लगेच ‘काकांच्या काळी सगळं छान होतं’ असं म्हणू नका. पूर्वी दारावर जे पहारेकरी बसले होते त्यांच्याविषयी मला फार माया नाही. ज्या पेटीवाचून महाराष्ट्रात ना कीर्तन होतं ना संगीत नाटक, त्या हार्मोनियमवर आकाशवाणीने १९४० मध्ये बंदी घातली ती १९७१ पर्यंत. १९५२ मध्ये बी. व्ही. केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले आणि सिनेमाची गाणी रेडिओवरून जवळजवळ हद्दपार झाली. लोकांनी सरळ रेडिओ सिलोन लावला. पुढे कोळीगीतं, आगरी गाणी, भीमगीतं घराघरांत पोचली ती कॅसेटच्या जोरावर. त्यासाठी कुठल्या ऑडिशन बोर्डाने पायघड्या घातल्याचं मला आठवत नाही. तेव्हा पहारेकरी गेले ते बरंच झालं. जाताना ते दारही उचलून घेऊन गेले, आणि नवीन बसवायचं काम आता तुमचं आहे, एवढं मात्र तुम्हाला कुणी सांगितलेलं दिसत नाही. कॅसेटच्या काळात ते काम निदान खिसा करायचा. स्टुडिओची आठ तासांची शिफ्ट, वादकांचे पैसे, कॅसेटच्या दोन बाजूंना मिळून आठ-दहा गाणी. दोन चाली आपोआप घरी राहायच्या. आता वर्षाला ठरावीक रक्कम भरली की वाटेल तितकी गाणी चढवता येतात, त्यामुळे घरी काहीच राहत नाही.

बाहेर काय परिस्थिती आहे ते बघा. ल्युमिनेट म्हणून एक मोजदाद करणारी कंपनी आहे. २०२३ च्या तिच्या हिशेबात स्ट्रीमिंगवर १८ कोटी ४० लाख ट्रॅक होते, आणि त्यातले ४ कोटी ५६ लाख वर्षभरात एकदाही वाजले नाहीत. एकदाही नाही म्हणजे करणाऱ्याच्या आईनेही ऐकले नाहीत. स्पॉटिफायने २०२४ पासून नियमच केला की मागच्या बारा महिन्यांत १,००० वेळा न वाजलेला ट्रॅक पैशाच्या वाटपात धरायचा नाही. वाजला असं म्हणायलाही तीस सेकंद जावी लागतात, म्हणून तर तुम्ही मला ‘काका, सुरुवातीचं म्युझिक कापा’ म्हणता. आणि एप्रिल २०२५ मध्ये डीझर या गाणी ऐकवणाऱ्या फ्रेंच कंपनीने सांगितलं की त्यांच्याकडे तेव्हा रोज येणाऱ्या ट्रॅकपैकी १८ टक्के, म्हणजे वीस हजारांच्या वर, पूर्णपणे यंत्राने, म्हणजे एआयने, बनवलेले होते.

हा शेवटचा आकडा मला जास्त लागला. कारण यंत्राचा धंदाच मुळी ‘असंच पाहिजे’ हा आहे. ते हजारो गाणी चघळतं आणि त्या सगळ्यांसारखं दिसेल असं एक काढून देतं, अर्ध्या मिनिटात, सर्दी न होता, माझं बिल न देता. त्या खेळात तुम्ही उतरायचं कशाला? अलीकडे तर दोघंतिघं नमुना म्हणून यंत्राकडून करून घेतलेलं गाणंच घेऊन आले. म्हणजे लोकांनी लोकांची केलेली नक्कल, तिची यंत्राने काढलेली सरासरी, आणि त्या सरासरीची नक्कल पाचपाखाडीत. चहा थंड झाला माझा.

माझं स्वतःचंही सांगतो, नाहीतर नुसता उपदेश होईल. लॉकडाउनमध्ये काम नव्हतं. हातात वेळ आणि एक नवा सिंथ, म्हणजे इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड. मी चौदा महिन्यांत चौदा तुकडे केले आणि चौदाही चढवले. बरे तीन होते. हे मला तेव्हाही आत कुठेतरी माहीत होतं, पण ‘असू दे, संख्या दिसते’ असं वाटायचं. पुढे एका प्रायोगिक नाटकाच्या दिग्दर्शकाला पार्श्वसंगीतासाठी माणूस हवा होता. कुणीतरी माझं नाव दिलं. त्याने ते शोधलं, वर जे आलं ते लावलं, मिनिटभर ऐकलं आणि दुसऱ्याला फोन केला. वर काय आलं असेल? चौदातलं सगळ्यात भिकार, हॉलिवूडच्या ट्रेलरची हुबेहूब नक्कल, ढोलासकट. हे मला वर्षभराने एका ओळखीच्याने गडकरी रंगायतनच्या बाहेर हसत हसत सांगितलं. मीही हसलो.

त्या दिवशी जे कळलं तेच तुम्हाला सांगायचंय. दुकानदार शोकेसमध्ये काय लावायचं ते स्वतः ठरवतो, उरलेला माल आत ठेवतो. इथे आत अशी जागाच नाही. तुमचं प्रत्येक गाणं शोकेसमध्ये असतं आणि गिऱ्हाईक कुठल्या काचेसमोर उभं राहील ते तुमच्या हातात नसतं. ते एकदाच येतं. घरी जाऊन मी चौदातले अकरा काढून टाकले. काढता येतात, बरं का. हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही.

यावर तुमचं उत्तर मला पाठ आहे. ‘काका, अल्गोरिदमला सातत्य लागतं.’ लागत असेल. २०२० मध्ये स्पॉटिफायच्या मालकानेच म्हटलं होतं की तीन-चार वर्षांतून एकदा अल्बम काढून आता भागणार नाही. दुकान त्याचं, त्याला रोज माल लागणारच. तुमचा शुक्रवारही असाच आलाय. जुलै २०१५ मध्ये कंपन्यांनी आपापसात ठरवलं की जगभर नवी गाणी शुक्रवारी काढायची, म्हणून शुक्रवार. तो काही घटस्थापनेचा मुहूर्त नाही की चुकला तर पाप लागेल.

पण तुमच्या बाजूने एक दाखला मीच देतो, कारण तो मला सोडत नाही. १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं. दर आठवड्याला नवं गाणं, वर्षाहून थोडं जास्त, एकूण ५६. गदिमांनी लिहिलं, सुधीर फडक्यांनी चाली बांधल्या, आणि आजही ठाण्यात रामनवमीला कुठल्या ना कुठल्या सभागृहात ते लागतं. म्हणजे आठवड्याला एक हा वेग काही गाण्याचा शत्रू नाही. फरक एवढाच की त्या दोघांच्या मागे तोवर दहा-पंधरा वर्षांचं काम साठलेलं होतं, आणि एकाने लिहिलेलं आधी दुसऱ्याच्या कानावरून जात होतं. तुमचं कुणाच्या कानावरून जातं? माझ्या. आणि मी पैसे घेतो, मी कशाला नाही म्हणू?

म्हणून माझं म्हणणं ‘कमी करा’ असं नाहीच. आठवड्याला एक करा, चार करा, रोज एक करा. कोल्डप्लेसारखं करा, कालच्या व्हायरल हळदीसारखं करा, ती टाळी वापरा. करून फोल्डरमध्ये ठेवा. तो फोल्डर म्हणजे तुमची तालीम. सोडायचं मात्र त्यातलं एखादंच, जे तुमच्याखेरीज कुणी केलंच नसतं असं.

ते ओळखायचं कसं, इथे खरी मेख आहे. आपलं चांगलं काय हे आपल्यालाच कळत नाही. मला नाही कळलं.

मागच्या वर्षी नवी मुंबईची एक मुलगी सहा गाणी घेऊन आली. सहा गाणी, सहा शुक्रवार, पोस्टर तयार. आवाज चढा, सगळी काळी पाचमध्ये, म्हणजे उंच पट्टीत, आणि प्रत्येक शब्दाच्या शेवटी तो हल्ली सगळ्या मुली काढतात तसा फुटका श्वास. कुणाचा आहे ते तुम्हाला माहीत आहे, मी नाव घेत नाही. एका गाण्याचा अंतरा फाइलमध्ये सापडेना, म्हणून मी तिच्या लॅपटॉपवर शोधत बसलो आणि ‘टेस्ट ३’ नावाची फाइल उघडली. दोन मिनिटं दहा सेकंद. माईक नीट लागलाय का बघायला ती काहीबाही गुणगुणत होती. आवाज पार खाली, काळी तीनच्याही खाली, जवळजवळ बोलल्यासारखा. शब्द अर्धे, उरलेल्या जागी नुसतं ‘हं हं’. मध्ये कुठेतरी पंख्याची टकटक. चाल एका ठिकाणी उतरायला हवी तिथे उतरतच नाही, तशीच लटकून राहते, आणि आपण तिच्याबरोबर लटकतो.

मी विचारलं, हे काय? म्हणाली, ‘काही नाही काका, टेस्ट होती. बाबा झोपले होते.’ बाबा रबाळे एमआयडीसीत रात्रपाळी करतात, दिवसा झोपतात. त्यांची झोप मोडू नये म्हणून ती खाली गात होती. सहा गाण्यांत जो आवाज मला सापडला नव्हता तो इथे होता, आणि ती फाइल डिलीट करायची राहिली म्हणून उरली होती.

याची पुढे गोड गोष्ट झाली असं समजू नका. त्या सहांतली पाच तिने बाजूला ठेवली, एक सोडलं. काल बघितलं तेव्हा ४१२ वेळा वाजलं होतं. स्पॉटिफायच्या हिशेबी ते अजून जन्माला यायचंय. ‘टेस्ट ३’ वर ती चार महिने काम करतेय. शब्द दोनदा बदलले, दोन्ही वेळा आधीचेच बरे होते. मी एकदा खाली तंबोरा घालून बघितला, तो खोटा वाटला, काढला. कधी होईल माहीत नाही. मी पैसे मागितलेले नाहीत, हेही लिहून ठेवतो, कारण बायको हे वाचणार आहे.

तरी माझे एक-दोन उपाय सांगतो, शास्त्र म्हणून नव्हे. गाणं झालं की प्रोजेक्टमधून तो नमुन्याचा ट्रॅक काढून टाका आणि तीन आठवडे गाण्याला हात लावू नका. मग ठाणे-वाशी लोकलमध्ये बसा. ऐरोली, रबाळे, घणसोली, अर्ध्या तासाचा प्रवास. साधे इअरफोन, खिडकीबाहेर बघत ऐका. तुर्भे येईपर्यंत तुम्हाला दुसऱ्याच कुणाचं तरी गाणं आठवायला लागलं, तर ते फोल्डरमध्ये परत. मग सगळं म्यूट करून नुसता गळा ऐका, नाहीतर टेबलावर ताल धरून गाऊन बघा. मी जी ऱ्हिदम, रिव्हर्ब, चमक लावतो तिच्यामागे बरंच लपतं, मला त्याचेच पैसे मिळतात. आणि जोर वाढवायचा आग्रह सोडा. ‘काका, त्याच्यापेक्षा लाउड करा’ म्हणता, पण स्पॉटिफाय गाणं वाजवताना आवाजाची पातळी उणे चौदा लफ्सच्या (जोर मोजायचं एकक) आसपास आणून ठेवतं. तुम्ही कितीही ओरडा, ते बटण खाली फिरवतं.

शेवटचा उपाय माझ्या घरचा. बायको स्वयंपाकघरात असते तेव्हा मी गाणं मुद्दाम फोनच्या स्पीकरवर लावतो, काही न सांगता. कुकरची शिट्टी, फोडणी, मिक्सर, सगळं चालू. एकोणीस वर्षांत ती फक्त दोनदा मिक्सर बंद करून बाहेर आली. त्यातलं एकही गाणं चाललं नाही, पण ती दोन्ही मला आजही तोंडपाठ आहेत. असा एखादा कान शोधा, ज्याला तुमच्या फॉलोअर्सशी देणंघेणं नाही आणि ज्याच्या हातात दुसरं काम आहे.

हे सगळं लिहून झाल्यावर वाटलं, दार लावा म्हणायचं आणि खोली द्यायची नाही, हे काही बरोबर नाही. त्यामुळे पुढच्या महिन्यापासून गुरुवारची दुपार मी मोकळी ठेवतोय. पैसे नाहीत. जे सोडणार नाही असं ठरवलंय ते घेऊन या, अर्धवट, फसलेलं, नक्कल केलेलं, ‘टेस्ट’ नावाचं. एकमेकांचं ऐकू. रेकॉर्ड करायचं नाही, स्टोरी टाकायची नाही. कळव्याचा तो पोरगा येणार आहे, त्याला बँजो आणायला सांगितलाय. आणीन म्हणाला नाही, बघतो म्हणाला.

चपला बाहेर, फोन दाराजवळच्या बिस्किटांच्या डब्यात. दोनच्या आधी येऊ नका, गिरणी चालू असते.

तुमचा,
पाचपाखाडीतला मिक्सिंगवाला काका